अख्खं चॉकलेट

नाना, मला तुमचा राग येतो. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी येतो. आज पिंप्राळ्यातल्या दुकानात नातीसाठी बिस्किटं घ्यायला गेले, तर फ्रिजमध्ये तेच लाल कागदाचं चॉकलेट दिसलं. वर छापलंय, 'तीच जुनी चव'. वडी मात्र बोटाएवढी बारीक झालीय. मी दुकानदारावर उगीच खेकसले.

वरणगावच्या क्वार्टरमध्ये तुम्ही ते फॅक्टरीच्या कॅन्टीनमधून आणायचात. उन्हात वितळू नये म्हणून ओल्या रुमालात गुंडाळून, रिकाम्या डब्यात. वरचा कागद, आतली चांदी, मग ती चौकटींची वडी. चांदी नखाने सरळ करत तुम्ही सांगायचात, की पूर्वी साहेबलोक हे नुसतं प्यायचे, वडी नंतर कुणीतरी पाडली, आणि मग लढाईत ती शिपायांच्या झोळीत गेली. एक खाल्ली की पायात बळ यायचं म्हणे. मग प्रत्येकाला दोन चौकटी. मी त्या चावायचे नाही, टाळूला चिकटवून ठेवायचे.

त्या दिवशी तुम्ही अख्खं माझ्या हातात दिलंत. "ले, बठ्ठं तुनंच शे." भडगावकडची बोली तुमच्या तोंडी फक्त लाडात यायची. आई भाकरी थापतेय, मान वर करत नाही. तिला माहीत आहे. मी एकेक चौकट खातेय, आणि शेवटची तोंडात असताना तुम्ही म्हणता, "धुळ्याचं नर्सिंग राहू दे आता. फॉर्म मी परत आणलाय. रविवारी पाहुणे येताहेत तुला बघायला."

तोंडात चॉकलेट असताना माणसाला ओरडता येत नाही, नाना. त्यासाठीच थांबला होतात ना? दोन थोबाडीत दिल्या असत्यात, तर मी उलटून तरी बोलले असते. तुम्ही तोंड गोड केलंत. मी गिळलं आणि "बरं" म्हणाले. पुढे जळगावला माझ्या बाळंतपणात माझ्याच वयाची नर्स नाडी बघत होती, तेव्हा मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तुम्ही पेढे घेऊन दारात उभे. मी एकही खाल्ला नाही. तुम्हाला वाटलं, पोरीच्या तोंडाला चव नसेल.

हे पत्र टाकायचं कुठे? ठेवून देईन. एक मात्र आईलाही कधी सांगितलं नाही. त्या आठवड्यात धुळ्याच्या हॉस्टेलवर एकटं राहायच्या भीतीने मला जेवण जात नव्हतं. तुम्ही "राहू दे" म्हणालात, तेव्हा रागाच्या आधी मला हायसं वाटलं होतं.