निरंक

सोम. १७ फेब्रु.
पाच दिवसांचं प्रशिक्षण सुरू, शिकवणारी मी. अठरा अधिकारी, त्यात बायका तीन. विषय 'रोजगार धोरण आणि स्त्री-पुरुष समानता'. दिवा लावायला संचालक साहेब, तबक धरायला त्या तिघी. पहिलाच दिवस म्हणून गप्प बसले. चुकलंच.

मंगळ. १८
सगळ्यांना शहराच्या कडेला झोटवाडा वस्तीत नेलं. बायकांच्या कामाची नोंद करायचा नवा फॉर्म तिथे वापरून बघायचा होता. त्यात कामगार म्हणून नाव आलं तरच पुढे सरकारी योजनांचं कार्ड मिळणार.

वर्गातले सर्वांत ज्येष्ठ भंडारीजी. त्यांनी पहिल्याच घरात कमलाबाईंना विचारलं, "आप क्या काम करती हैं?" बाईंच्या मांडीवर कुणाच्या तरी लग्नाचा लेहंगा, बोटांत सुई, अर्ध्या घेराला गोटा, म्हणजे जरीची पट्टी, लावून झालेला. "कुछ नहीं साब, घर पे रहती हूँ."

यांनी मान खाली घालून लिहिलं, निरंक. म्हणजे सरकारी भाषेत 'काही नाही'.

डोकं फिरलं माझं. समोर दिसत होतं ना सगळं? तर म्हणे, "मैडम, जो बोला वही लिखा।" डोळ्यांवर कातडं ओढायचं आणि वर नियम सांगायचा. बसमध्ये बसल्यावर कमलाबाईंचाही राग आला. मग त्या रागाची लाज वाटली.

बुध. १९
वर्गात भांडले. आवाज चढला, चढू दे. त्या तिघींनी मिळून प्रश्नच बदलला. 'काम काय करता' काढून टाकलं. आता विचारायचं, काल उठल्यापासून काय काय केलंत?

दुपारी भंडारीजींना परत पाठवलं, मी सोबत. तोंड एवढंसं झालेलं. कमलाबाई बोलतच राहिल्या. पाणी, डबे, गोटा, सासूचं औषध, परत गोटा, ठेकेदार आला, उसवलं, परत गोटा. पान भरलं, भंडारीजींनी उलटून मागे लिहिलं. येताना मला एवढंच म्हणाले, "मेरी माँ भी सिलती थी।"

शुक्र. २१
समारोप. संचालकांनी नवा प्रश्न उडवला. "फॉर्म छप चुका है, सुनंदाजी। अगली बार।" पुढच्या वेळेपर्यंत कमलाबाई निरंकच. भंडारीजी छताकडे बघत होते. मग पाच दिवस आम्ही काय शिकवलं? हार, फोटो, प्रमाणपत्रं. नुसता संताप.

शनि. २२
ऑफिसनं अहवाल सहीसाठी घरी दिलाय, टाइप करूनच. शेवटची ओळ: 'प्रपत्र में सुधार हेतु प्रशिक्षक के सुझाव: निरंक'. त्याखाली माझं नाव.

प्रशांत ड्यूटीवरून आला, वाचलं. "सही करून मोकळी हो. मार्चमध्ये कंत्राट वाढायचंय तुझं. नवऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात बसून काय करशील मग?" त्याचंही खोटं नाही. पण अहवाल ओट्यावर तसाच ठेवला.

संध्याकाळी अकोल्याहून आईचा फोन. "काय करत होतीस गं?"
कुकर उतरवत होते. कणीक भिजवून झालेली, पोरीची वही तपासायची राहिलेली, अहवाल ओट्यावर.
"काही नाही," म्हणाले.

आई पुढे बरंच बोलली. मला ऐकू आलं नाही.

फोन ठेवला, निरंक खोडलं. तिथे कमलाबाईंचा अख्खा दिवस लिहिला. जागा पुरेना, मागच्या पानावर गेले. खाली सही केली. सोमवारी संचालकांच्या हातात द्यायचाय.