पाढ्यांच्या चालीत फ्रेंच

आबा, जय भीम.

मी बरी आहे. इथं लिऑनमध्ये थंडी लई, पण आईची गोधडी पुरते. फ्रेंचशिवाय कामात अडतं, म्हणून संध्याकाळचा क्लास लावलाय.

काल मॅडमनी ‘बोलणे’ या क्रियापदाची वर्तमानकाळातली रूपं म्हणायला सांगितली. मी उभी राहिले आणि ‘ज पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल’ आपसूक पाढ्यांच्या चालीत सुरू झालं, बाकावर थाप मारत, मोठ्यांदा. एकही रूप चुकलं नाही. वर्ग मात्र हसून लोळला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “हे असं कुणी शिकवलं?”

मी म्हणाले, “कुणी नाही. गंमत केली.”

आबा, पौडच्या स्टँडवर एसटी येईपर्यंत तुम्ही माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायचात. “जोरात म्हण, चोरी केलीस व्हय?” सगळं स्टँड ऐकायचं, तरी मला कधी लाज वाटली नाही. काल वाटली, आणि आता त्या लाजेचीच लाज वाटतेय. जेवण गेलं नाही. हे आईला वाचून दाखवू नका.

तुमचा गुडघा कसा आहे? दादाची तनू पाढे म्हणते का? कुणी शिकवले असं विचारलं, तर ती पटकन ‘आबांनी’ म्हणते ना?

तुमची,
गौतमी