कोपऱ्यावरचा दवाखाना

२ फेब्रुवारी

भाऊजी निवडणुकीला उभे राहिले! सकाळीच सांगायला आले. ह्यांनी धाकट्या भावाला मिठी मारली. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि मनात म्हटलं — पडा तुम्ही.

तीन वर्षं झाली. कोपऱ्यावरचा दवाखाना इथून हलवला, आणि दूरच्या इस्पितळाच्या वाटेवर सासूबाई रिक्षातच गेल्या. डोकं माझ्या मांडीवर. भेटायला आलेल्या साऱ्या पाहुण्यांसमोर भाऊजी म्हणाले, "वहिनींनी निघायलाच उशीर केला." मी साडी बदलत बसले होते म्हणे! दवाखान्याच्या जागी आता त्यांच्या मेहुण्याचे गाळे आहेत.

रोज देवापुढे म्हणते, मन निर्मळ कर. हे एक सोडून.

५ फेब्रुवारी

दोघी मुली राजकारणात पडल्या! थोरली सतराची, धाकटी चौदाची. गल्लीतल्या पोरांबरोबर 'दवाखाना परत द्या' अशी पत्रकं वाटतात. हे भडकले — सख्ख्या काकाविरुद्ध? थोरली शांतपणे म्हणाली, काकाविरुद्ध नाही, उमेदवाराविरुद्ध. मी भांडी घासत होते. पाठ करून हसून घेतलं.

६ फेब्रुवारी

पत्रकं चिकटवायला धाकटीने चांगल्या पिठाला हात घातला. धपाटाच देणार होते. मग किडे पडलेलं पीठ चाळून मीच पातेलंभर खळ करून दिली. घट्ट. खरवडताना भाऊजींची नखं तुटावीत अशी.

१० फेब्रुवारी

भाऊजी आले. चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोरींना मत द्यायचं वय नाही आणि जाब विचारतात."

थोरली म्हणाली, "तुमचं तर उत्तर द्यायचं वय झालंय ना, काका?"

हे ओरडले तिच्यावर. जेवताना मी तिच्या वाटीत दुधावरची सगळी साय घातली. तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं — आईला बरं नाही की काय!

१४ फेब्रुवारी

दवाखाना कुणाच्या अर्जावरून हलवला, त्या अर्जाची नक्कल कचेरीत मागता येते म्हणे. थोरलीला अर्ज धड लिहिता येईना. मी लिहून दिला. मॅट्रिक आहे मी, फुकट नाही! त्या मूळ अर्जाखाली भाऊजींचं नाव निघणार, आणि ते साऱ्या गल्लीसमोर वाचलं जाणार.

आज जपात मन नव्हतं. डोळे मिटले की भाऊजीच दिसतात, मान खाली घालून बसलेले. देवा, क्षमा कर. पण आधी ते होऊ दे.

२३ फेब्रुवारी

नक्कल आली. 'दवाखान्याच्या गर्दीचा आम्हां महिलांना उपद्रव होतो, तरी तो अन्यत्र हलवावा.' खाली गल्लीतल्या एकेचाळीस बायकांच्या सह्या. भाऊजींचं नाव कुठेच नाही.

पहिली सही माझी.

आठवलं. मी पूजेला बसले होते. भाऊजी कागद घेऊन आले — रस्त्यावर दिवे हवेत, त्याचा अर्ज आहे, वहिनी. तुमची सही वर असली की बाकीच्या डोळे मिटून करतील. फुलं वाहता वाहता सही केली. वाचला नाही. वर दारोदार तो मीच फिरवला. "मी केलीय, तुम्हीही करा," असं सांगत!

थोरलीने कागदाची घडी घातली. "आई, हा आपण वापरायचा नाही." आवाज अगदी हळू.

सासूबाईंच्या फोटोला आज हार घालवेना.

२४ फेब्रुवारी

कागद मिळाल्याचं भाऊजींना कळलं. दारावरून जाताना म्हणाले, "वहिनी, अक्षर मात्र सुंदर हं तुमचं."

२८ फेब्रुवारी

गल्लीत सभा झाली. थोरली रस्त्यांवर बोलली, गटारांवर बोलली आणि खाली बसली. पहिल्या रांगेत भाऊजी टाळ्या वाजवत होते. मी उठले, तिच्या पिशवीतून कागद काढला आणि माइकवर वाचला. माझ्या नावापासून.