टॅनरी लेनमधली पाटी

श्रूजबरी, ४ मे १९७८

ती. डॉर्कसताईस, अंथरुणाला खिळलेल्या भावाचा सा. न. वि. वि.

पाय बरा आहे. मोडला कसा, हे गावभर झालंच असेल. १८७३ साली हेस्टर गफचं प्रेत कसं पडलं होतं, ते माझ्या शनिवारच्या फेरीला आलेल्या मंडळींना दाखवताना मॅडॉक्सबाईंच्या पायरीवरून मीच पाठमोरा कोसळलो. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही तिकिटात आहे.

लेकीकडे पडून काय करणार, म्हणून नगरपालिकेचे जुने कागद मागवले. ताई, हसू नकोस. खुनानंतर आठ वर्षांनी आपल्या गल्लीतल्या घरांना उलट्या टोकापासून नवे नंबर दिले. म्हणजे तेव्हाचा चार नंबर म्हणजे आजचं मॅडॉक्सबाईंचं चार नंबरचं घर नव्हेच! चौतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला आणि बारा वर्षं दर शनिवारी भलत्याच दारात उभा राहून रडवेला आवाज काढत होतो.

मॅडॉक्सबाईंना घर विकून मुलीकडे जायचंय, पण माझी 'येथे खून झाला' ही पाटी पाहून गिऱ्हाईक दारातूनच परततं. तरी त्यांनी मला आल्याचा केक पाठवलाय. तो अजून कापलेला नाही.

पाटी उतरवायलाच हवी. पण लोक विचारणार, मग खरं घर कोणतं? दोन दिवस टाळलं, आता लिहितो. तुझं. नऊ नंबर. खून झाला तो तुझ्या स्वयंपाकघरात. आल्फ्रेडभाऊजी गेल्यावर आता कुठे तू तिथे एकटीने जेवायला लागलीस. हे वाचून तू घर सोडून लेकाकडे, पीटरकडे बर्मिंगहॅमला गेलीस, तर मी स्वतःला माफ करणार नाही. गप्प बसू का?

घाबरट भावावर आहे तेवढा लोभ राहू दे.
कथबर्ट

टॅनरी लेन, ९ मे

चि. कथबर्टला अ. उ. आ.

गप्प कसला बसतोस? पत्र वाचलं, कोट चढवला आणि मॅडॉक्सबाईंना जाऊन सगळं सांगून आले. त्या आधी हसल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, तुमच्या भावाला सांगा, केक परत पाठव.

खरं सांगते, घरी आल्यावर स्वयंपाकघरात पाऊल टाकवेना. भीती वाटली. पीटरला फोन लावायला रिसीव्हर उचललासुद्धा. मग मनात आलं, ती मोलकरीण पोर, हेस्टर, याच खिडकीपाशी भांडी घासत असणार. तिच्यासाठी कोण रडलं? खुनी कसाई की पाद्री, यावर तू बारा वर्षं घसा कोरडा करतोयस. तिच्या घरी कोण होतं, हे तुझ्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. आत गेले, अंडं उकडलं आणि बसून खाल्लं. मी कुठेही जात नाही.

पाटी आणलीय. माझ्या दाराला लावते, पण तुझा मजकूर खरवडून काढलाय. नवा पाठव.

पाय सांभाळ. रागावले असले तरी तुझीच,
डॉर्कस

श्रूजबरी, १३ मे

ती. ताईस, खाली मान घालून सा. न. वि. वि.

माझ्या वहीत कसायाच्या सुरीवर नऊ पानं आहेत, पाद्र्याच्या छत्रीवर सहा. हेस्टरवर अर्धी ओळ: 'मोलकरीण, वय एकोणीस.' एवढ्यावर पाटी होईना, म्हणून त्या वेळचं वर्तमानपत्र पुन्हा काढलं. बारा वर्षं ते माझ्याकडे आहे. मागचं पान मी कधी उलटलंच नव्हतं.

तिथे चार ओळी आहेत. हेस्टरची आई मार्था क्लन गावाहून दिवसभर चालत लेकीचे कपडे न्यायला आली. गाठोडं दारातूनच तिच्या हाती दिलं. आत कुणी घेतलं नाही. वाचून मी रडलो, ताई. मला फार लाज वाटते.

पाटीवर एवढंच लिही: 'मार्था गफची मुलगी हेस्टर या घरात राहत होती.'

आणि लावशील त्या दिवशी दार उघडं ठेव.

तुझा,
कथबर्ट