अंगठ्यावरची चीर

प्रिय ताई,

तू रागावली आहेस हे मला कळलं. तुझ्या ऑपरेशनला रक्त लागणार, आपला गट एक, आणि मी रक्तपेढीच्या दारातून परत फिरलो. भाऊजी सगळ्यांना सांगत सुटलेत, दिवसभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणाऱ्याचे पाय सुई बघून लटपटतात. हसू देत त्यांना. मीही हसलो. खरं कारण फक्त तुला लिहितोय. फोनवर बोललो असतो, पण दुकानात गिऱ्हाइकं असतात आणि घरी आई शेजारीच असते.

आमच्या दुकानात ब्लेड कागदासकटच मधोमध मोडायचं असतं, अर्धं एका गिऱ्हाइकाला, अर्धं दुसऱ्याला. शाळा मी आठवीत सोडली, पण ही शिस्त कधी सोडली नाही. त्या रविवारी मात्र बाकावर माणसं खोळंबलेली, आणि घाईत मी कागद आधी काढला. मोडताना पातं अंगठ्यात गेलं. बारीकशी चीर. तुरटी लावली आणि पुढच्या माणसाची दाढी करायला घेतली. त्याच्या हनुवटीवर पुळी होती. मी जपून फिरवत होतो, पण तो नेमका खोकला आणि पुळी कापली गेली. आमच्या धंद्यात हात आधी धावतो, डोकं मागून येतं. तुरटीचा खडा मी त्याच अंगठ्याने दाबून धरला. हात काढला तेव्हा कुठलं रक्त त्याचं आणि कुठलं माझं, सांगता येत नव्हतं.

तेव्हा काहीच वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात तो माणूस रस्त्याने जाताना दिसला आणि मालक सहज म्हणाले, "किती वाळलाय बघ. एड्स झालाय म्हणतात त्याला. बायकोसुद्धा निघून गेली." मी अंगठा उलटून चीर बघितली.

तेव्हापासून माझं ताट वेगळं, पेला वेगळा, टॉवेल खिळ्यावर वेगळा. आई म्हणते, "कसली ही नवी थेरं?" दात घासताना थुंकीत लाल दिसलं की पाणी ओतत राहतो, मोरी पांढरी झाली तरी. गळ्याखाली गाठ लागते का, ते चाचपून चाचपून कातडी दुखायला लागली. परवा तुझी चिमणी गुडघा फोडून रडत आली, हात वर करून. मी मागे सरलो आणि आईला हाक मारली. ती रडायची थांबली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली.

रक्तपेढीतून पळालो तो थेट सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ताटाने, टॉवेलने, मिठी मारून एचआयव्ही होत नाही. घरी जा आणि भाचीला कडेवर घे. आणि त्या माणसाला काय झालंय ते तुला कुणी सांगितलं? गल्लीने? गल्ली डॉक्टर आहे का?" मला हसू आलं. मग त्या चिरेबद्दल बोलल्या. धोका फार थोडा, पण ताज्या जखमेला रक्त लागलं म्हणजे अगदीच नाही असं म्हणता येत नाही. लगेच, तीन दिवसांच्या आत आला असतास तर गोळ्या देता आल्या असत्या. आता तपासणीत काही निघालं नाही, पण इतक्यात खात्री देता येत नाही, पुन्हा यावं लागेल. तोवर कुणालाही रक्त द्यायचं नाही. मी विचारलं, रक्तपेढीत तपासतात ना? म्हणाल्या, तपासतात, पण लागण अगदी नवी असेल तर कधीतरी निसटते. निसटते. दाढी करताना हा शब्द आठवला की मी वस्तरा खाली ठेवतो.

ताई, आमच्या मालकांचा गटही आपलाच आहे. ते यायला तयार आहेत, कारण न विचारता. पण आई हटून बसली आहे. घरचा धडधाकट मुलगा असताना परक्याचं रक्त कशाला, म्हणते, आणि उद्या दुपारी मला हाताला धरून नेणार आहे. खरं सांगितलं तर ती अन्नपाणी सोडेल, तुझ्या ऑपरेशनच्या तोंडावर. म्हणून हे पाकीट चिकटवून सकाळच्या डब्याबरोबर पाठवतोय. वाचलंस की तिला फोन कर. तुलाच माझं रक्त नको आहे, असं सांग. भेकड आहे, आपमतलबी आहे, असल्याचं रक्त माझ्या अंगात नको, म्हण. जितकं कडू बोलशील तितकं तिला खरं वाटेल. मग आई मला काय बोलायचं ते बोलेल, मी ऐकून घेईन. फक्त फोन लावायच्या आधी रडून घे, ताई. तुझा आवाज ती लगेच ओळखते.

तुझाच,
धाकटा