मेगापिक्सेलचा सूड

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण एकच, सूड. सूड नीट घ्यायचा तर नोंदी हव्यात, नाहीतर रागाच्या भरात एखादा मुद्दा राहून जातो.
दुपारी संपादकांनी बोलावलं. एक मार्चपासून डार्करूम कॉम्प्युटर विभागाला देणार म्हणाले. मी विचारलं, आणि मी? म्हणाले, बघू काहीतरी. सव्वीस वर्षं या पेपरचे फोटो मी काढले, धुतले, वाळत घातले. आणि बघू काहीतरी!
मागे ती उभी. नवी फोटोग्राफर, गळ्यात डिजिटल कॅमेरा. येऊन दोन महिने झाले नाहीत आणि उठता-बसता मेगापिक्सेल, मेगापिक्सेल. मी मनातल्या मनात तिचं नावच ते ठेवलंय.

३ फेब्रुवारी
निर्धार. मेगापिक्सेलशी आजन्म अबोला. तिच्या एकाही फोटोला बरा म्हणायचं नाही. आणि संपादक नाक घासत डार्करूमच्या दाराशी यायला हवेत. ते कसे येणार, एवढंच ठरायचं बाकी आहे.

४ फेब्रुवारी
अबोला मोडला. ती म्हणाली, काका, चहा घेणार? नाही म्हटलं असतं तर तिला संशय आला असता.

७ फेब्रुवारी
पहिल्या पानावर तिचा फोटो. भिंगाखाली धरला. ठिपकेच ठिपके! मुद्रितशोधकाला दाखवले. तो म्हणाला, छापल्यावर सगळ्यांच्याच फोटोत ठिपके दिसतात, तुमच्याही. हाही फितूर.

११ फेब्रुवारी, दुपारी १.१५
ती जेवायला गेली होती. भिंतीत तिच्या बॅटरीचा चार्जर. काढला आणि डार्करूममध्ये हायपो रसायनाच्या डब्यामागे ठेवला. ही चोरी नव्हे. नव्या तंत्रज्ञानाची परीक्षा आहे.

संध्याकाळी ६
उद्या अकरा वाजता बंद कारखान्याची चिमणी सुरुंग लावून पाडणार. एकदाच पडणार, परत नाही. आणि मेगापिक्सेल ऑफिसभर चार्जर शोधतेय! मलाही विचारलं. मी म्हटलं, आमच्या काळात कॅमेऱ्याला वायर नव्हती.
संपादकांचं धाबं दणाणलं. म्हणाले, तुम्हीही जा, तुमचा कॅमेरा घेऊन. आले ना नाक घासत? खरं म्हणजे फोनवरून आले. पण भाव तोच.

१२ फेब्रुवारी, सकाळी ९
रोल भरला. मी डोळे मिटूनही भरू शकतो. आज मुद्दाम डोळे मिटूनच भरला.

दुपारी २
विजय! भोंगा वाजला, चिमणीच्या पायाशी धुराचे दोन भपकारे, मग क्षणभर ती नुसती उभी. काहीतरी आठवत असल्यासारखी. आणि मग कमरेत मोडली. मी टिपत होतो, अंगठ्याने रोल पुढे सारत होतो, टिपत होतो. छत्तिसाच्या रोलमध्ये एकेचाळीस फोटो निघाले! फिल्म जुन्या माणसाला ओळखते. रोल परत गुंडाळतानाही हात कसा लोण्यासारखा फिरला.
मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा. तिने एकदाच बटण दाबलं आणि तो मेला. मी तिच्याकडे बघून सुडाचं हसू हसलो. ती म्हणाली, काका, डोळ्यात धूळ गेली का?

दुपारी ४
रोल धुतला. काचेसारखा स्वच्छ. एकही फोटो नाही. डेव्हलपरचं रसायन शिळं निघालं.

४.२०
डेव्हलपर ठीक आहे. फिल्मच खोटी.

४.४०
फिल्मच्या काठावरचे कंपनीचे आकडे ठसठशीत उमटलेत. म्हणजे फिल्मही चांगली. रोल आत दात्यांत अडकलाच नव्हता. एकेचाळीस वेळा मी नुसता आवाज काढला.

५.१५
दार वाजलं. या ऑफिसात डार्करूमचं दार वाजवून थांबणारी ती एकटीच. विचारलं, काका, आले का? मी म्हटलं, वाळतायत. तारेवर तो कोरा रोल लटकत होता. तिने पाहिला आणि गेली.
आता ती संपादकांना सांगणार. मी तिच्या जागी असतो तर धावत गेलो असतो.

१३ फेब्रुवारी
पहिलं पान. अर्धं पान भरून चिमणी. मधोमध मोडलेली, वरचं टोक मात्र अजून ताठ. एवढा अचूक क्षण मी सव्वीस वर्षांत दोनदा-तीनदा पकडला असेल. कदाचित दोनदाच.
खाली नाव माझं.
संपादकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. म्हणाले, हे डिजिटलला जमणार नाही! मेगापिक्सेल शेजारी उभी राहून मान डोलावत होती. डार्करूम मात्र एक मार्चलाच जाणार.
तिला जिन्यात गाठलं. विचारलं, हे काय? म्हणाली, माझा एकच निघाला होता, तो काकांच्या रोलमधला म्हणून दिला. नाहीतर संपादकांनी तुमचा रोल मागितला असता.
माझं डोकं फिरलं. म्हटलं, मला कुणाची भीक नको, आत्ता जाऊन खरं काय ते सांगतो. ती म्हणाली, सांगा ना. पण मग माझी बॅटरी का संपली तेही सांगावं लागेल.
मी जिन्याचा कठडा धरला.
ती दोन पायऱ्या उतरून वळली आणि म्हणाली, उद्या आणून ठेवा. हायपोचा वास आला तरी चालेल.

१४ फेब्रुवारी
घरी हिने तो फोटो कापून फ्रेम केला. लग्नाच्या फोटोशेजारी लावला. मी म्हटलं, अगं, कशाला? म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या फोटोने माझ्या अंगावर काटा आला.
संध्याकाळी मेहुण्याचा फोन. त्यांच्या कॉलनीत सगळ्यांनी पाहिला म्हणे. विचारत होता, भाऊजी, तो क्षण बरोबर पकडलात कसा?
ही समोर उभी राहून ऐकत होती. सगळं खरं सांगायचं ठरवलं. घसा साफ केला.
म्हटलं, उजेड चांगला होता.