शिवलेलं शेवटचं प्रकरण

प्रिय टाचणीस,

सादर नमस्कार. (तू माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठी, म्हणून सादर. बाकी आदर वाटावा असं तू अलीकडे काही केलेलं नाहीस.) गुडघ्यांची चौकशी करत नाही, ते तुझ्यासारखेच कुरकुरत असतील. डोळ्यांची करते. मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, "माझं वाचन संपलं गं, अक्षरं मुंग्यांसारखी पांगतात. येऊन करू काय?" आणि माझ्याकडे आठ दिवस राहायला यायचं रद्द केलंस. मी फोन आपटला. त्यानंतर इथे जे घडलं त्याला मी तुलाच जबाबदार धरते.

आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी रहस्यकथांचं मंडळ भरतं. एक महिना जुनी कादंबरी, एक महिना नवी. नव्यांबद्दल माझं मत विचारू नकोस. (त्यांत पोलीस अधिकाऱ्याला बायको सोडून गेलेली असते, तो तीनशे पानं दाढी करत नाही, आणि शेवटी कळतं की गोष्ट सांगणारी बाईच थापा मारत होती. थापाच ऐकायच्या तर मला शेजारीण आहे. आपल्या वेळचा खुनी निदान इस्त्रीचे कपडे घालून दिवाणखान्यात बसायचा आणि पकडला गेला की सगळं नीट सांगून टाकायचा.) या महिन्यात जुनीची पाळी होती. ग्रंथपालाने टेबलावर सहा कोऱ्या प्रती ठेवल्या, आणि बघते तर पियानो शिकवणाऱ्या बाईंच्या खुनाची कादंबरी. आपलीच.

मग मी त्या खोलीत राहिलेच नाही गं, थेट शाळेतल्या शिवणाच्या तासाला जाऊन बसले. भरतकामाच्या चौकटीखाली उघडं पुस्तक, खिडकीतून कोपरावर येणारं ऊन, पान उलटताना तू खोकायचीस तो खोटा खोकला. आणि आपला नियम: पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं प्रकरण कडेने शिवून टाकायचं, आणि दोघींनी खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय दोरा कापायचा नाही. शिवायची पाळी आलटून पालटून. तू शिवलेलं प्रकरण रुमालाच्या काठासारखं दिसायचं. माझ्या टाक्यांना शिवण शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, कोंबडी चालून गेली. पियानोवाल्या बाई शाळेच्या अगदी शेवटच्या महिन्यातल्या, आणि पाळी माझी होती. शुक्रवारी माझं वाचून झालं, शिवलेलं प्रकरण तसंच ठेवून मी पुस्तक तुला दिलं, सोमवारी तू परत केलंस, मी चिठ्ठीसाठी पेन्सिल उचलते तोच सिस्टरनी पुस्तक उचललं. ते पुन्हा पन्नास वर्षांत कुठे दिसलं नाही.

तर मी ग्रंथपालाला म्हटलं, प्रतींना खाकी कव्हरं घालून आणते. आणली. सोबत सहाही प्रतींची शेवटची प्रकरणं शिवूनही आणली. (साडेतीन दिवस लागले. दोन सुया मोडल्या.) माझा हेतू शुद्ध होता, पण मंडळात एक दातांची डॉक्टरीण आहे. तिने पिशवीतून इवलीशी कात्री काढली आणि माझ्यासमोर टाके कापून शेवटचं पान वाचायला घेतलं. म्हणाली, "आजी, शेवट कळला की मला शांतपणे वाचता येतं." मी विचारलं, "तू पेशंटच्या हातात आधी दात ठेवतेस आणि मग तोंड उघडायला सांगतेस का?" त्यावर ती हसत बाकीच्यांना म्हणाली, "अहो, सोप्पं आहे, खुनी तर..." आणि मी कानांत बोटं घालून शाळेची प्रार्थना म्हणायला लागले. तिन्ही कडवी, जिना उतरेपर्यंत.

ग्रंथपालाने खाली गाठलंच. "काकू, ही वाचनालयाची मालमत्ता आहे. आणि शिवायचंच होतं तर निदान सरळ तरी शिवायचं." माझ्याकडची प्रत मी टाके उसवून तेवीस तारखेच्या आत परत करायची, नाहीतर सभासदत्व रद्द. पाच प्रती त्या लोकांनी कापल्या. मंडळात मी आता पाऊल ठेवणार नाही. एकटी मी मजेत आहे. कळावे.

तुझी,
शिवणात काठावर पास

ता. क. सहावी प्रत माझ्या उशाशी आहे. शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचून झाली, चिठ्ठीही लिहिली. (माळी. हसू नकोस.) दोरा कापवत नाही.

आणखी एक. त्या सोमवारी तू पुस्तक परत केलंस तेव्हा टाके सरळ होते. माझे टाके जन्मात सरळ आलेले नाहीत. तेव्हा बोलले असते तर तू रडली असतीस, म्हणून बोलले नाही. म्हणजे खुनी कोण हे तुला पन्नास वर्षं ठाऊक आहे, आणि माझ्या लग्नात, तुझ्या लग्नात, इतक्या पत्रांत, फोनवर, तुझ्या तोंडून ते एकदाही निसटलं नाही. डॉक्टरणीला दोन मिनिटं धीर धरवला नाही.

म्हणून डोळ्यांची सबब मला सांगू नकोस. तुला काही वाचावं लागणारच नाही. तेवीसच्या आत ये. दोरा मी कापते, वाचते मी. तू फक्त समोर बसून गप्प राहायचंस. ते तुला जमतं.